हृदयाची दारे आणि दारावरचा पहारा

इतिहासाचे व्याख्यान म्हटले की लढाया, तह, गाद्या आणि गडकोट यांची अपेक्षा श्रोते करतात, आणि ती रास्तही आहे. आज आम्ही जो इतिहास सांगणार आहोत त्यात किल्ला नाही. पण दारे आहेत, त्या दारांवरचा पहारा आहे, आणि शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेली एक झुंज आहे. ही दारे आपणा प्रत्येकाच्या छातीत असतात. हृदयाच्या झडपा त्या ह्याच. त्या बिघडल्या म्हणजे काय होते आणि त्या दुरुस्त करण्याची हिंमत माणसाने कशी केली, एवढे सांगून बहुतेक लेखक लेखणी खाली ठेवतात. शल्यवैद्याच्या हातातील सुरी चमकते, म्हणून तिच्याकडे सर्वांचे डोळे लागतात. परंतु रुग्ण घरी परतल्यावर त्याची जी देखभाल होते, तिचाही एक इतिहास आहे, आणि रुग्ण जगतो की नाही याचा निकाल पुष्कळदा तेथेच लागतो. ह्या दोन्ही इतिहासांची एकत्र ओळख करून देण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम झडप म्हणजे काय ते पाहू. लोहाराचा भाता ज्यांनी पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे की, भात्याला एक चामड्याची झडप असते. भाता फुगला की ती उघडते आणि वारा आत येतो; भाता दाबला की ती मिटते आणि वारा नळीवाटे भट्टीकडेच जातो. शेतीवाडी असलेल्या श्रोत्यांना विहिरीवरच्या पंपाचा फूटवॉल परिचयाचा आहे. तो गळू लागला की चढलेले पाणी परत विहिरीत उतरते आणि पंप नुसताच फिरत राहतो. हृदयात अशा चार झडपा आहेत, दोन उजव्या बाजूला व दोन डाव्या बाजूला. डाव्या बाजूच्या दोन झडपांवर भार अधिक. फुप्फुसातून शुद्ध होऊन आलेले रक्त डाव्या कर्णिकेतून डाव्या जवनिकेत सोडते ती द्विदल झडप, आणि जवनिकेतून सर्व शरीराकडे जाणाऱ्या महारोहिणीच्या तोंडाशी असते ती महारोहिणीची झडप. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाकाठी १,०३,६८० वेळा ही दारे उघडतात आणि मिटतात. एवढे काम करणारे दुसरे दार आपल्या घरात नाही!

दार बिघडण्याचे प्रकार दोनच. एक तर ते पुरते उघडत नाही, किंवा पुरते मिटत नाही. पहिल्याला आकुंचन म्हणावे, दुसऱ्याला गळती. दोन्हींचा परिणाम हृदयावर ताण पडण्यात होतो. माणसाला जिना चढताना धाप लागते, रात्री उशा उंच घ्याव्या लागतात, पायांवर सूज येते, आणि अखेर घरातल्या घरात चालणेही जड जाते.

ह्या यंत्राचे कोडे उलगडले ते सतराव्या शतकात. इटलीतील पॅडुआच्या विद्यापीठात फॅब्रिशियस ह्या पंडिताने नीलांमध्ये झडपा असतात हे दाखविले होते. त्याचाच इंग्रज शिष्य विल्यम हार्वे याने त्या झडपांचा अर्थ लावला. झडप रक्ताला एकाच दिशेने जाऊ देते, तेव्हा रक्त शरीरात फिरत असले पाहिजे, असा सिद्धांत त्याने १६२८ साली ग्रंथरूपाने मांडला. पुढे १८१६ साली पॅरिस येथे लेनेक याने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली, आणि त्यातून स्टेथॉस्कोप जन्मास आला. आता वैद्याला झडपांचा आवाज ऐकू येऊ लागला. दार करकरते आहे की फटीतून वारा जातो आहे, हे बाहेरून समजू लागले. मात्र समजले तरी करता काही येत नव्हते.

झडपा बिघडवणारा मोठा शत्रू म्हणजे संधिज्वर. मुलाचा घसा सुजतो, दोनचार दिवस ताप येतो, आई हळदीचे दूध देते आणि घसा बरा होतो. परंतु काही मुलांत त्या घशाच्या जंतूंशी लढण्यासाठी उठलेली शरीराची शक्ती स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. सांधे बरे होतात; झडपांवर मात्र व्रण राहतात. पुन्हा घसा, पुन्हा ज्वर, आणि प्रत्येक वेळी झडप अधिक जाड व ताठ होत जाते. पाच ते पंधरा वर्षे वयात लागलेली ही कीड पंचविशीत, तिशीत बाहेर पडते. मुलगी असेल तर अनेकदा पहिल्या बाळंतपणात. जेथे एका खोलीत दहा माणसे निजतात तेथे हा रोग सुखाने नांदतो. युरोप-अमेरिकेत घरे सुधारली, पेनिसिलिन आले, आणि तो मागे हटला. आपल्या देशातून तो अजून गेलेला नाही.

हृदयाला हात लावण्याची कल्पना जाहीरपणे मांडली ती लंडनच्या सर लॉडर ब्रंटन यांनी, १९०२ साली, ‘लॅन्सेट’ पत्रात. आकुंचन पावलेली द्विदल झडप सुरीने मोकळी करता येईल, एवढेच त्यांनी सुचविले. त्यावर समव्यवसायी मंडळींनी टीकेची झोड उठविली. एकवीस वर्षे कोणी पुढे आले नाही. १९२३ सालच्या मे महिन्यात बोस्टन येथे इलियट कट्लर यांनी एका बारा वर्षांच्या मुलीवर ही शस्त्रक्रिया केली. ती मुलगी त्यानंतर साडेचार वर्षे जगली. परंतु पुढील रुग्ण एकामागून एक दगावले आणि कट्लर यांनी तो नाद सोडला. १९२५ साली लंडनमध्ये हेन्री साउटर यांनी सुरीऐवजी आपले बोट हृदयाच्या कर्णिकेतून आत घातले आणि झडप चाचपून मोकळी केली. रुग्ण बरी झाली. एवढे यश मिळूनही वैद्यांनी साउटर यांच्याकडे असा दुसरा रुग्ण पाठविला नाही. हृदयाचा दोष झडपेत नसून स्नायूत असतो, तेव्हा झडप कापून काय साधणार, असा त्या काळचा पक्का समज होता. समज पक्का असला की डोळ्यांपुढचा रुग्णही दिसत नाही, हे वैद्यकातच घडते असे नाही.

दुसऱ्या महायुद्धाने ही भीती मोडली. अमेरिकन सैन्यातील ड्वाइट हार्केन ह्या तरुण शल्यवैद्याने जखमी शिपायांच्या हृदयात व हृदयाजवळ रुतलेले लोखंडाचे तुकडे काढण्यास आरंभ केला. अशा १३४ जणांवर त्याने शस्त्रक्रिया केल्या आणि एकही दगावला नाही. हृदय हे स्पर्शालाही न सोसणारे इंद्रिय आहे ही समजूत तेथे संपली. मग १९४८ साल उजाडले. फिलाडेल्फियाचे चार्ल्स बेली यांचे पहिले तीन रुग्ण गेले होते आणि रुग्णालयांची दारे त्यांना बंद होत चालली होती. १० जून १९४८ रोजी त्यांनी दोन वेगवेगळ्या रुग्णालयांत दोन शस्त्रक्रिया ठरविल्या. सकाळचा रुग्ण गेला. ती वार्ता दुसऱ्या रुग्णालयात पोहोचून मनाई होण्यापूर्वी बेली तेथे पोहोचले, आणि ती दुसरी रुग्ण, एक तरुण स्त्री, वाचली. थोड्याच दिवसांत तिला आगगाडीने शिकागोस नेऊन वैद्यांच्या सभेपुढे उभे करण्यात आले. सहा दिवसांच्या अंतराने हार्केन यांना बोस्टनमध्ये आणि त्याच वर्षी रसेल ब्रॉक यांना लंडनमध्ये यश आले. साउटर यांचे बोट तेवीस वर्षांनी पुन्हा हृदयात शिरले.

ह्या शस्त्रक्रिया धडधडत्या हृदयावर, आंधळ्या बोटाने होत. झडप डोळ्यांनी पाहून बदलावयाची तर हृदय थांबविले पाहिजे, आणि तेवढा वेळ त्याचे काम दुसऱ्या कोणी केले पाहिजे. जॉन गिबन यांनी वर्षानुवर्षे खपून तयार केलेले हृदय-फुप्फुस यंत्र ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात प्रथम यशस्वी झाले आणि तो मार्ग खुला झाला. १९६० सालच्या मार्च महिन्यात हार्केन यांनी महारोहिणीच्या जागी, आणि नीना ब्राउनवाल्ड ह्या स्त्री-शल्यवैद्याने द्विदल झडपेच्या जागी कृत्रिम झडप बसविली. परंतु जी झडप पुढे जगभर गेली तिची कथा निराळी आहे. लोवेल एडवर्ड्स नावाचे एक निवृत्त अभियंते होते. विमानांच्या इंधनपंपांवर त्यांचा हातखंडा. लहानपणी संधिज्वराने त्यांना दोनदा गाठले होते. ते १९५८ साली ऑरेगॉनमधील पोर्टलंड येथे अल्बर्ट स्टार ह्या तरुण शल्यवैद्याकडे गेले आणि म्हणाले, आपण कृत्रिम हृदय बनवू. स्टार यांनी त्यांना सुचविले की, आरंभ एका झडपेपासून करावा. दोघांनी मिळून पिंजऱ्यातील गोळीची झडप तयार केली. धातूच्या लहानशा पिंजऱ्यात सिलिकोनची गोळी. रक्त आले की वर, रक्त परतू लागले की खाली. १९६० च्या ऑगस्टमधील पहिली रुग्ण काही तासांतच गेली. सप्टेंबरमधील दुसरा रुग्ण, बावन्न वर्षांचा एक गृहस्थ, सुमारे दहा वर्षे जगला आणि अखेर घराला रंग देताना शिडीवरून पडून वारला. झडप शेवटपर्यंत चालत होती.

येथे टाळ्या वाजवून उठण्याचा मोह होतो. परंतु विचार करा. धातूची वस्तू रक्तात ठेवली की रक्ताला ती परकी वाटते आणि तिच्याभोवती गुठळी धरू लागते. ती गुठळी झडपेतच राहिली तर झडप अडकते, आणि सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. म्हणून रक्त गोठण्याची क्रिया मंदावणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर गुठळी, अधिक झाली तर रक्तस्राव! मूळ रोग काढून त्याच्या जागी एक सौम्य पण आजन्म सांभाळावयाचा रोग ठेवणे, असे यांत्रिक झडपेच्या शस्त्रक्रियेचे खरे स्वरूप आहे. प्राण्यांच्या उतींपासून केलेल्या झडपाही आहेत. पॅरिसचे आलँ कार्पेंतिए यांनी डुकराची झडप रसायनात मुरवून टिकाऊ केली. तिला जन्मभराची गोळी सहसा लागत नाही, पण ती दहा-पंधरा वर्षांत झिजते, आणि तरुणांत तर त्याहूनही लवकर.

त्या गोळीचा जन्मही ऐकण्यासारखा आहे. १९२० नंतरच्या काळात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील भागात गुरे रक्तस्रावाने मरू लागली. बुरसटलेला गोड क्लोव्हरचा चारा खाल्ल्याने असे होते, हे पशुवैद्यांनी ताडले. १९३३ सालच्या फेब्रुवारीत, बर्फाच्या वादळात, विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताने भरलेले दुधाचे कॅन आणि तो चारा घेऊन कार्ल लिंक ह्या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेच्या दाराशी उभा राहिला. त्या चाऱ्यातील द्रव्य हुडकण्यास लिंक आणि सहकाऱ्यांना सहा वर्षे लागली. त्यावरून पुढे बनविलेले वॉरफरिन १९४८ साली उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले, आणि १९५४ पासून माणसांना देण्यात येऊ लागले. पुढल्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर ते देण्यात आले. मेलेल्या कालवडीपासून राष्ट्राध्यक्षापर्यंत गेलेले असे औषध विरळा! हे औषध ‘के’ नावाच्या जीवनसत्त्वाला (इंग्रजी वर्णमालेतील ‘के’) अडवून काम करते. मेथी, पालक, कोथिंबीर ह्या आपल्या नित्याच्या पालेभाज्यांत ते जीवनसत्त्व भरपूर असते. म्हणून भाजी वर्ज्य करावयाची नसते. ती रोज सारख्या प्रमाणात खावयाची असते. एक आठवडा भाजी मुळीच नाही आणि दुसऱ्या आठवड्यात दोन्ही वेळा मेथी, असे केले की गोळीचे गणित चुकते. हे रुग्णाच्या बायकोला, आईला, सुनेला समजावून कोण सांगणार? शल्यवैद्य तर पुढच्या शस्त्रक्रियेला उभा आहे.

येथे आपल्या कथेत परिचारिका येते. खरे म्हणजे ती कधीपासूनच उभी होती. इतिहासकाराने तिच्याकडे पाहिले नव्हते इतकेच. १८५९ साली लिव्हरपूल येथे विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याने गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्यासाठी एक परिचारिका नेमली, आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सल्ल्याने त्या कामाची पुढे व्यवस्था लागली. घरी जाणाऱ्या परिचारिकेची परंपरा ती. रुग्णालयातील परंपरा दुसरी. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली तेव्हा शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने हातांनी फुगा दाबून रुग्णांचा श्वास चालू ठेवला. त्या अनुभवातून बियोर्न इब्सेन यांनी १९५३ च्या अखेरीस अत्यवस्थ रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष उभारला. ज्याला आज आपण आयसीयू म्हणतो ते हे. १९६० नंतर अमेरिकेत हृदयरुग्णांचे असे कक्ष निघाले. फिलाडेल्फियात लॉरेन्स मेल्ट्झर हे वैद्य आणि रोझ पिनिओ ह्या परिचारिका यांनी एक मोठा निर्णय घेतला. हृदयाची लय बिघडली तर डॉक्टरची वाट न पाहता परिचारिकेने स्वतः विजेचा झटका द्यावा, त्यासाठी तिला शिकवून तयार करावे. जे काही करावयाचे ते पहिल्या मिनिटांत, आणि पहिल्या मिनिटांत खाटेजवळ परिचारिकाच असते. हुकूम पाळणारी मदतनीस ह्या पायरीवरून निर्णय घेणारी तज्ज्ञ ह्या पायरीवर ती तेव्हा चढली.

तिसरी पायरी घरी सोडल्यानंतरच्या देखरेखीची. अमेरिकेत मेरी नेलर ह्या परिचारिका-संशोधिकेने १९९४ आणि १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दाखविले की, रुग्णालयातून घरी जाणाऱ्या वृद्धांच्या मागे अनुभवी परिचारिकेचे लक्ष राहिले, तर पुन्हा दाखल होण्याचे प्रसंग कमी होतात. मात्र हा उपाय म्हणजे जादू नव्हे. ऑस्लो येथे महारोहिणीची झडप बदललेल्या रुग्णांना परिचारिकांनी दूरध्वनी करून विचारपूस करावी आणि रुग्णांनाही रात्रंदिवस दूरध्वनी करता यावा, असा प्रयोग झाला. तीस दिवसांत पुन्हा दाखल होणाऱ्यांची संख्या त्याने घटली नाही. रुग्णांची धास्ती मात्र उणावली. धास्ती उणावणे ही गोष्ट लहान आहे काय? ज्याच्या छातीत रात्रीच्या शांततेत घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते, त्याला विचारा.

आता आपल्या देशाकडे वळू. परदेशी झडपांची किंमत आपल्या गरीब रुग्णांना झेपणारी नव्हती. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांचे सहकारी यांनी देशी झडप बनविण्याचे मनावर घेतले. नमुन्यामागून नमुने फसले. चौथा नमुना टिकला. ६ डिसेंबर १९९० रोजी चित्रा झडप प्रथम माणसाच्या हृदयात बसविण्यात आली, आणि त्यानंतर अशा लाखाहून अधिक झडपा बसविण्यात आल्या आहेत. आपल्या विज्ञानाला भूषणास्पद अशी ही गोष्ट आहे. दरम्यान २००२ साली फ्रान्समधील रुआँ येथे आलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, नळीतून झडप नेऊन बसविली. म्हाताऱ्या माणसांना ती मोठी सोय झाली.

परंतु झडप स्वस्त झाली, छाती उघडणे टळले, तरी मागचा पहारा टळलेला नाही. गोठण रोखणारी नवी औषधे आली, त्यांना वारंवार रक्ततपासणी लागत नाही. ती यांत्रिक झडपेला चालतील काय, हे पाहण्यासाठी त्यांपैकी एका औषधाची चाचणी झाली. गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने ती थांबवावी लागली, असे २०१३ साली जाहीर झाले. तेव्हा यांत्रिक झडपेच्या रुग्णाला जुनीच गोळी आणि आयएनआर नावाची तपासणी यांवाचून गत्यंतर नाही. तो आकडा झडपेच्या प्रकाराप्रमाणे आणि जागेप्रमाणे साधारणतः दोन ते साडेतीन यांच्या दरम्यान ठेवावा लागतो.

मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत विदर्भातून, मराठवाड्यातून, कोकणातून रुग्ण येतात. शस्त्रक्रिया उत्तम होते. आठदहा दिवसांनी रुग्ण गाडीत बसून गावी जातो, आणि तेथून पुढे काय? छातीचे हाड सांधण्यास दोनेक महिने लागतात, तोवर घागर-बादली उचलू नये, हे त्याला कोणी सांगितले असते किंवा नसते. रोज सकाळी वजन करावे, दोन दिवसांत ते एकदम वाढले तर पाणी साचते आहे असे समजावे. ताप आला तर साधा ताप समजून अंगावर काढू नये, कारण जंतू झडपेवर घर करतात. दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला झडपेची गोष्ट सांगावी. गुडघेदुखीची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नये. तरुण स्त्रीने दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे, कारण ती गोळी गर्भाला बाधते. यांतली एकेक गोष्ट किती साधी! तिच्या अभावी लाखो रुपयांची शस्त्रक्रिया मातीमोल होते. गोळी संपली, तपासणी तालुक्याच्या गावी, एस.टी.चे भाडे नाही, पेरणीचे दिवस. एक महिना चुकतो, मग दुसरा. झडप अडकून परत येणाऱ्या रुग्णाची कथा पुष्कळदा ह्या दोन महिन्यांची कथा असते.

ह्यासाठी आपण नागरिकांनी काय करावे? आमच्या मते तीन गोष्टी. पहिली, झडपेच्या प्रत्येक रुग्णाजवळ एक वही असावी. तीत गोळीचे प्रमाण, तपासणीची तारीख आणि आकडा लिहिलेला असावा, आणि घरातल्या निदान एका माणसाला ती वाचता यावी. दुसरी, तालुक्याच्या रुग्णालयात ही वही तपासणारी एक शिकलेली सिस्टर असावी, तिला रुग्णांची नावे ठाऊक असावीत, आणि तारीख चुकविणाऱ्याच्या घरी आशाताईमार्फत निरोप जावा. तिसरी आणि सर्वांत स्वस्त म्हणजे, ज्या मुलाला एकदा संधिज्वर होऊन गेला आहे त्याला तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे लांब मुदतीचे इंजेक्शन डॉक्टर सांगतील तितकी वर्षे मिळत राहावे. हे औषध १९५० नंतर लगेचच उपलब्ध झालेले आहे. इंजेक्शन दुखते, मूल रडते, आणि आईचे मन द्रवते. त्या दिवशी आईची समजूत घालणारी सिस्टर एका छातीवरची सुरी पुढे कायमची टाळीत असते.

ब्रंटन यांच्या पत्रापासून बेली यांच्या यशापर्यंत शेहेचाळीस वर्षे गेली. हृदयाला हात लावता येतो यावर विश्वास बसावयास तेवढा काळ लागला. घरी गेलेल्या रुग्णाकडे लक्ष ठेवणे हेही वैद्यकच आहे, यावर विश्वास बसावयास आपण तितकी वर्षे घालवू नयेत. आपल्या वाड्यात, चाळीत, ओळखीत झडप बदललेले कोणी असेल, तर उद्या त्याच्याकडे जावे आणि शेवटची तपासणी कधी केली एवढे विचारावे. श्रोत्यांनी इतके केले तरी आजच्या व्याख्यानाचे सार्थक झाले असे समजून आम्ही रजा घेतो.